‘ती फार चिडकी आहे हं’ : अमेरिकन रिअ‍ॅलिटी शो आणि कृष्णवर्णीय बायका

अबोली_अटलांटा (धागाकर्ती)

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आहे. लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

२०११ मध्ये आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहायला आलो. मला कामाचा परवाना नव्हता, दिवसभर घरात एकटी. इथलं दक्षिणी वळणाचं इंग्रजी कानात शिरेना. मराठी मंडळातल्या एका ताईंनी सुचवलं, "रिअल हाउसवाइव्ज ऑफ अटलांटा बघ, महिन्याभरात कान तयार होतील." ब्राव्हो वाहिनीवर ही मालिका २००८ पासून सुरू होती. मी मागचे-पुढचे सगळे भाग पाहिले. त्यातली नीनी लीक्स बोट नाचवत, मान वेळावत समोरचीची सालटी काढायची आणि मी सोफ्यावर बसून हसायचे. कान तयार झाले. कानांबरोबर नजरही तयार होत होती, ते कळायला सहाएक वर्षं गेली.

२०१५ मध्ये एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. तिथे माझ्याहून बऱ्याच सीनियर असलेली एक कृष्णवर्णीय सहकारी होती. एका मीटिंगमध्ये सुट्टीच्या दिवसांच्या ड्युट्यांचा विषय निघाला. ती म्हणाली, "मागच्या तिन्ही मोठ्या सुट्ट्यांना मीच होते, नोंदी एकदा बघून घ्या." एवढंच. मीटिंग संपल्यावर एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती फार चिडकी आहे हं, जरा जपून." मी मान डोलावली. घरी येऊन नवऱ्यालाही तसंच सांगितलं.

पुढे आमची चांगली मैत्री झाली. दोनेक वर्षांनी जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "त्या दिवशी मी आवाज चढवला होता का गं? तू होतीस ना तिथे?" मी आठवू लागले. डोळ्यांसमोर आलं ते तिचं नाचणारं बोट. पण ती तर हातात फाइल धरून बसली होती, दोन्ही हात फाइलवर. ते बोट नीनीचं होतं. मी टीव्हीवरच्या बाईचा हात हिच्या खांद्याला जोडला होता.

त्यानंतर मी हे कार्यक्रम नव्या नजरेने बघायला घेतले. सगळ्यात जास्त छळलं ते एका जुन्या प्रसंगाने. ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’, चौथं पर्व, २००५. टिफनी रिचर्डसन नावाची तरुण मुलगी. आधीच्या पर्वाच्या निवडफेरीत आली होती, तेव्हा बारमध्ये भांडण झालं आणि ती बाहेर पडली. मग राग आवरायचं प्रशिक्षण घेऊन ती पुन्हा आली. एका फेरीत टेलिप्रॉम्प्टरवरून अवघड नावं वाचायची होती. तिला ते जमेना, सगळ्यांसमोर अपमान झाल्यासारखं वाटलं आणि तिने मधेच सोडून दिलं. त्या भागात तिला काढलं. ती रडली नाही, ओरडली नाही. बाकीच्या मुलींना मिठ्या मारल्या, थोडी हसली. आणि ते बघून कार्यक्रमाची सूत्रसंचालिका टायरा बँक्स हिचा पारा चढला. ‘आम्ही सगळे तुझ्या बाजूने होतो’ असं किंचाळत तिने त्या मुलीला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. टिफनी हळू आवाजात सांगायचा प्रयत्न करत होती की वरून दिसतं तसं आत नाही, आत दुखतंय.

बघा काय झालं ते. आधी रागावली म्हणून गेली. राग गिळायला शिकून आली, तर दुःख पुरेसं दाखवलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. आणि बोलणी घालणारीही कृष्णवर्णीयच. त्या किंचाळण्याची क्लिप गेली वीस वर्षं गंमत म्हणून फिरते आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकांनी जुने भाग पुन्हा पाहिले, ओरड झाली, तेव्हा टायरा बँक्सने त्या कार्यक्रमातल्या काही गोष्टी चुकल्या असं जाहीर कबूल केलं.

मला इथे चर्चा हवी आहे ती दोन गोष्टींवर. हा चिडक्या बाईचा साचा तयार कसा होतो? आणि ज्यांच्यावर तो लादला जातो त्या बायका त्याला काय उत्तर देतात? दुसऱ्या प्रश्नाबद्दल आपल्याकडे काहीच बोललं जात नाही.

---

पावसाळी_दुपार

अबोली, ते बोटाचं वाचून मी थांबलेच. असं उघडपणे लिहायला धीर लागतो.

---

दर्याकाठ

लेख आवडला, पण एक बाजू राहून गेली असं वाटतं. या बायकांना कोणी बळजबरीने नेलं नव्हतं. करार वाचून, पैसे घेऊन गेल्या. नीनी लीक्सला या कार्यक्रमाने नाव आणि पैसा दोन्ही दिलं. पुढे मालिकांत भूमिका मिळाल्या. ओमारोसाचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये डोनाल्ड ट्रम्पच्या ‘द अप्रेंटिस’च्या पहिल्या पर्वात ती खलनायिका म्हणून गाजली, त्याच ओळखीवर पुढे अनेक कार्यक्रम केले आणि २०१७ मध्ये तर थेट ट्रम्पच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरीला लागली. शेवटच्या भागात ती फोनबद्दल खोटं बोलली हे पडद्यावर सरळ दिसतं. ते कोणी कापून जोडलेलं नाही.

शिवाय ‘बास्केटबॉल वाइव्ज’ची निर्माती शॉनी ओनील, ‘लव्ह अँड हिप हॉप’मागची मोना स्कॉट-यंग, दोघी कृष्णवर्णीय. मग नेमका दोष कोणाचा?

---

कटपॉइंट

मी गोरेगाव-अंधेरी पट्ट्यात चौदा वर्षं संकलन करतोय, त्यातली सहा नॉन-फिक्शनमध्ये. अमेरिकेत काम केलेलं नाही, पण हे टेबल जगभर सारखंच असतं, म्हणून लिहितो.

दर्याकाठ, तुम्ही म्हणता ‘पडद्यावर सरळ दिसतं’. रिअ‍ॅलिटीमध्ये सरळ काहीच दिसत नाही. एका भागाला शेकडो तासांच्या रशेस, म्हणजे कच्चं चित्रीकरण, येतं. त्यातून चाळीस-पन्नास मिनिटं बाहेर पडतात. आधी स्टोरी टीम कागदावर ठरवते : हा हिरो, ही रडकी, ही भांडखोर. मग लॉगिंग करणाऱ्या, म्हणजे चित्रीकरणाच्या नोंदी ठेवणाऱ्या पोरांना सांगितलं जातं, हिचे ‘रिअ‍ॅक्शन’ वेगळे काढून ठेवा. डोळे फिरवले, उसासा टाकला, जांभई दिली, सगळं एका बिनमध्ये, म्हणजे फोल्डरमध्ये जमा. पुढे कोणी बोलत असताना मधेच तिच्या चेहऱ्याचा तुकडा, कटअवे, लागतो, आणि तो तीन दिवसांपूर्वीचा असू शकतो. तेव्हा ती कदाचित एसीच्या गारठ्याला वैतागलेली असेल. खाली बास नोट टाकली की झाला तिरस्कार तयार.

आवाजाचंही तेच. एका वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडून तिसरंच वाक्य करता येतं. अमेरिकेत त्याला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. ऐकताना ओळखायची एक खूण सांगतो : माणूस बोलत असताना कॅमेरा अचानक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर किंवा खिडकीवर गेला आणि आवाज मात्र चालू राहिला, तर समजा तिथे सांधा आहे.

एकटीला खुर्चीवर बसवून जी मुलाखत घेतात, तिथे प्रश्न विचारणारा कधीच दिसत नाही. "ती तुला असं म्हणाली, तुला राग नाही आला? खरंच नाही आला?" असं सहा वेळा विचारलं की सातव्यांदा कोणीही चिडतो. आपण टेबलावर सहाही प्रश्न काढून टाकतो. उरतो तो राग.

ओमारोसा खोटं बोलली असेल. मी तिची वकिली करत नाही. पण त्या घरात बाकीचे सगळे खरंच बोलत होते का, हे तुम्हाला-मला कधी कळणार नाही, कारण त्यांच्या खोट्याचं बिन कोणी केलं नसेल.

---

दर्याकाठ

कटपॉइंट, सांध्याची खूण लक्षात ठेवतो. तरीही माझा कराराचा मुद्दा उरतोच.

---

न्यूजर्सीचा_मामा

मी इथे बत्तीस वर्षं आहे, माध्यमांचा इतिहास शिकवतो. दर्याकाठ विचारतात दोष कोणाचा. थोडं मागे जावं लागेल.

हा साचा रिअ‍ॅलिटी टीव्हीने घडवलेला नाही, त्याला तो आयता मिळाला. १९२८ मध्ये ‘एमॉस अँड अँडी’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. दोन गोरे पुरुष कृष्णवर्णीयांचे आवाज काढायचे. अफाट लोकप्रिय. पुढे त्यात सॅफायर नावाची बायको होती, नवऱ्याला सदानकदा धारेवर धरणारी. १९५१ मध्ये सीबीएस वाहिनीने त्याची टीव्ही मालिका केली, तेव्हा कलाकार कृष्णवर्णीय घेतले. सॅफायरचं काम अर्नेस्टीन वेडने केलं. एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेने मालिकेला कडाडून विरोध केला. १९५३ मध्ये नवे भाग थांबले, पण सॅफायर हे नाव आजही अभ्यासक त्या साच्यासाठी वापरतात : तोंडाळ, कजाग, पुरुषाला नामोहरम करणारी काळी बाई. तिच्याशेजारी उभी असते ती प्रेमळ, जाडजूड मोलकरीण ‘मॅमी’ आणि तिसरी, वासनेची पुतळी ‘जेझबेल’. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये दाखवून दिलं की या नुसत्या चुकीच्या प्रतिमा नाहीत, त्या लगाम आहेत. बाईला कजाग ठरवलं की तिची तक्रार ऐकायची गरज उरत नाही. अबोलीताईंच्या मीटिंगमध्ये नेमकं तेच झालं ना? ड्युट्यांच्या नोंदी तपासल्या का शेवटी कोणी?

निवडीबद्दल एक. हाउसवाइव्ज अटलांटाच्या पहिल्या पर्वात डिशॉन स्नो नावाची एक शांत बाई होती. दुसऱ्या पर्वात ती नाही. तिने नंतर मुलाखतीत कारण सांगितलं : निर्मात्यांकडून तिला कळवण्यात आलं की ही सर्कस आहे आणि तू सर्कशीसाठी जरा जास्तच माणूस आहेस. म्हणजे करार सगळ्यांनी केला, पण पुढच्या वर्षीचा करार कोणाला मिळतो ते बघा. हळूहळू पडद्यावर एकाच प्रकारच्या बायका उरतात आणि आपण म्हणतो, ‘या अशाच असतात.’

---

अबोली_अटलांटा

मामा, नाही तपासल्या. मी पुढे स्वतः काढून बघितल्या. तिचं म्हणणं बरोबर होतं. तीन नव्हे, चार सुट्ट्या होत्या.

---

मितवा_८८

एक शंका. लिहिताना ‘ब्लॅक’ म्हणावं, ‘कृष्णवर्णीय’ की ‘आफ्रिकी-अमेरिकी’?

---

न्यूजर्सीचा_मामा

तिन्ही चालतात. ‘ब्लॅक’मध्ये कॅरिबियन, नायजेरियन, केनियन वंशाच्याही येतात, म्हणून तो शब्द जास्त व्यापक. मराठीत कृष्णवर्णीय रुळलाय. आपल्या घरांतून या लोकांसाठी जे इतर शब्द वापरले जातात ते मात्र बंद झाले पाहिजेत.

---

खडीसाखर

मी बिग ब्रदर अमेरिकाची (आपल्या बिग बॉससारखाच, घरात कोंडलेल्या स्पर्धकांचा कार्यक्रम) कट्टर चाहती आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे खूप काही आहे!

आधी सांगते की बिग ब्रदर बाकीच्या कार्यक्रमांहून वेगळा का. तिथे आठवड्याला तीन भाग टीव्हीवर येतात, पण शिवाय चोवीस तास लाइव्ह फीड असतो. म्हणजे कटपॉइंट दादा म्हणतात त्या रशेस प्रेक्षक स्वतः बघू शकतात.

२०१३ मध्ये, पंधराव्या पर्वात, आरिन नावाच्या गोऱ्या मुलीने घरातल्यांबद्दल वाट्टेल ते वंशद्वेषी बोलून ठेवलं. सुरुवातीच्या भागांत टीव्हीवर त्यातलं काही आलं नाही. फीड बघणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावरच सीबीएसला ते दाखवावं लागलं. त्या पर्वात कँडिस स्टुअर्ट होती. आरिनने तिची गादी उलटून टाकली, टोमणे मारले. कँडिस उत्तर द्यायला उभी राहिली, तेव्हा हॉवर्ड, घरातला दुसरा कृष्णवर्णीय स्पर्धक, त्याने तिला अक्षरशः उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. तू बोललीस तर तूच वाईट दिसशील, हे त्याला माहीत होतं. तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. गादी हिची उलटली आणि खोलीबाहेरही हिलाच जावं लागलं.

आता २०२१. नोव्हेंबर २०२० मध्ये सीबीएसने जाहीर केलं होतं की त्यांच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांत निम्मे स्पर्धक गोरेतर असतील. तेविसाव्या पर्वात सहा कृष्णवर्णीय स्पर्धक आले. तोवरच्या बावीस नेहमीच्या पर्वांत (सेलिब्रिटींची खास पर्वं सोडून) एकही कृष्णवर्णीय विजेता नव्हता. त्या सहांनी गुपचूप गट केला, नाव ठेवलं ‘कुकआउट’. आणि त्याचं डोकं होतं टिफनी मिचेल. तिची युक्ती ऐका. सहांपैकी प्रत्येकाने गटाबाहेरच्या एकेकाशी घट्ट मैत्री करायची. कोणी त्या जोडीला नॉमिनेट केलं की गटाची मतं आपल्या माणसाला वाचवणार आणि जोडीदार घराबाहेर. आठवड्यामागून आठवडे हे चाललं आणि बाहेरच्यांना पत्ता नाही. शेवटी घरात फक्त ते सहा उरले. हॅना चढ्ढासुद्धा त्यात होती, भारतीय आणि कृष्णवर्णीय अशा मिश्र वंशाची. सहा उरल्यावर सगळ्यांत आधी टिफनीलाच बाहेर जावं लागलं. झेव्हियर प्रेथर जिंकला. पण प्रेक्षकांनी लाडकी स्पर्धक म्हणून टिफनीला निवडलं.

आणि मग टेलर हेल. २०२२, चोविसावं पर्व. पहिल्या आठवड्यातच घराने ठरवून टाकलं की ही आक्रमक आहे, खोटारडी आहे, आपल्याशी नीट वागत नाही. मी फीड बघत होते, ती भांडी घासत होती! लोकांना नीट झोप लागली का विचारत होती! पहिल्याच आठवड्यात ती जाणार होती, पण एका स्पर्धकाने मानसिक स्वास्थ्यासाठी घर सोडलं आणि ती फेरी रद्द झाली. टेलर वाचली. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी तिच्या तोंडावर इतकं वाईट बोललं की ते बघून घरातल्याच काही जणांची मनं फिरली आणि सात जणांचा नवा गट झाला. नाव ‘लेफ्टओव्हर्स’, उरलेसुरले. पुढेही ती अनेकदा नॉमिनेट झाली. २५ सप्टेंबर २०२२ ला ती ८-१ मतांनी जिंकली. बिग ब्रदर अमेरिकाच्या नेहमीच्या पर्वांतली पहिली कृष्णवर्णीय विजेती. साडेसात लाख डॉलर, वर लाडक्या स्पर्धकाचे पन्नास हजार. एकाच पर्वात दोन्ही मिळवणारी ती पहिलीच.

त्या रात्री मी ओक्साबोक्शी रडले. फीड नसता तर लोकांनी पहिल्या आठवड्यातलं घराचं मतच खरं मानलं असतं.

---

कटपॉइंट

खडीसाखर, फीडबद्दल पटलं. माझ्या धंद्यातल्या लोकांना फीडची भीती का वाटते ते तुम्ही नेमकं लिहिलंत.

---

कांडीवाली_सोलापूर

सगळं वाचलं. खूप शिकायला मिळालं. पण एका ठिकाणी मला टोचतंय, ते लिहिते.

तुम्ही सगळे टेलर हेलचं, फाइल धरून शांत बसलेल्या बाईचं बोलताय. ती शांत होती म्हणून तिच्यावर अन्याय. बरोबर. मग जी खरंच ओरडली तिचं काय? तिच्यावर झालेला अन्याय अन्याय नाही का?

माझी आई सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची. वीसेक वर्षं. त्या खटखटात बाजूच्या बाईला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. घरी आली तरी तिचा आवाज तसाच. बँकेत, शाळेत, दवाखान्यात लोक दचकून बघायचे. माझ्या शाळेत एकदा ती फी-सवलतीचं विचारायला आली होती. बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात मला म्हटलं, "तुझी आई काल भांडायला आली होती." ती भांडली नव्हती. तिने विचारलं होतं. आणि मी काय केलं? पुढच्या वेळी आईला म्हटलं, तू येऊ नकोस, मीच विचारते. ते आजही मला लागतं.

म्हणून मला ‘चांगल्या’ बायकाच दाखवा ही मागणी पटत नाही. २०१३ मध्ये ब्राव्होवर ‘मॅरीड टू मेडिसिन’ येणार होतं, अटलांटातल्या कृष्णवर्णीय डॉक्टरणी आणि डॉक्टरांच्या बायका यांच्यावर. हॉवर्ड विद्यापीठात वैद्यकीय शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींनी सह्यांची मोहीम काढली की हा कार्यक्रम रद्द करा, आम्हा डॉक्टरांची प्रतिमा बिघडेल. त्यांची भीती मला कळते. रुग्ण त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघणार? पण त्यात एक ‘आम्ही त्यांच्यातल्या नाही’ असंही आहे. २०१४ मध्ये ‘सोरोरिटी सिस्टर्स’ आलं तेव्हाही तेच. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या जुन्या, मानाच्या भगिनीसंघटना. त्यांच्या सदस्या टीव्हीवर भांडताना दिसल्या म्हणून ट्विटरवर बहिष्काराची लाट आली, एकामागून एक जाहिरातदार बाहेर पडले. व्हीएच१ने जानेवारी २०१५ मध्ये उरलेले भाग एका बैठकीत दाखवून कार्यक्रम मिटवला. त्यांतल्या डेल्टा सिग्मा थीटा या संघटनेने तर कार्यक्रमात दिसलेल्या आपल्या सदस्यांना काढूनच टाकलं. बायकांनी एवढ्या मोठ्या वाहिनीला नमवलं याचा मला आनंद आहे. पण शिक्षा शेवटी कोणाला? वाहिनीने दुसरा कार्यक्रम आणला. त्या पोरींचं संघटनेतलं नाव गेलं.

क्रिस्टन वॉर्नर नावाच्या अभ्यासक बाईंनी ‘बास्केटबॉल वाइव्ज’वर लिहिताना जे मांडलंय ते मला फार जवळचं वाटतं. तुम्ही कितीही हळू बोललात तरी लोक तुम्हाला मोठ्या तोंडाचीच म्हणणार आहेत. मग आमच्या मोठ्याने बोलण्यातली मजा, मैत्री, ताकद आम्ही का सोडायची?

---

पावसाळी_दुपार

कांडीवाली, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला रेचल लिंडसेची गोष्ट चपखल बसते. डॅलसची वकील. एका व्यक्तीने अनेकांतून जोडीदार निवडायचा असा ‘द बॅचलर’ हा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, त्या मालिकेतल्या सगळ्या कार्यक्रमांत मध्यवर्ती जागी कृष्णवर्णीय व्यक्ती यायला २०१७ उजाडलं, ती ही. अत्यंत सभ्य, मोजूनमापून बोलणारी. तिच्याच पर्वात तिचं मन जिंकायला आलेल्या एका पुरुषाची जुनी वंशद्वेषी ट्वीट सापडली. म्हणजे तिच्यासाठी माणसं निवडताना एवढंही कोणी तपासलं नव्हतं.

मग फेब्रुवारी २०२१. एका स्पर्धक मुलीचे गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यांची थीम असलेल्या पार्टीतले फोटो बाहेर आले होते. रेचलने सूत्रसंचालक क्रिस हॅरिसनची मुलाखत घेतली. तो त्या मुलीची बाजू घेत राहिला. रेचल एकदाही आवाज न चढवता प्रश्न विचारत गेली. मुलाखत कोणीही बघावी. वाद पेटला, हॅरिसनला बाजूला व्हावं लागलं, जूनमध्ये त्याने कार्यक्रम कायमचा सोडला. आणि लोकांचा राग कोणावर? रेचलवर. इतक्या शिव्याशाप आले की तिला काही काळ इन्स्टाग्राम बंद ठेवावं लागलं.

---

दर्याकाठ

कांडीवाली यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. पैसे घेऊन गेल्या, हे मी लिहिलं होतं. आता वाटतं, पैसे सगळ्यांनीच घेतले, पण किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. नीनी लीक्सनेही एप्रिल २०२२ मध्ये ब्राव्हो आणि संबंधितांवर वंशद्वेष खपवून घेतल्याचा दावा लावला होता, हे शोधताना सापडलं. ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला. ज्या बाईचं सगळं भलं झालं म्हणून मी उदाहरण दिलं, तिचीच ही तक्रार. माझं पहिलं मत मी पूर्ण सोडलेलं नाही, पण ते अपुरं होतं.

---

खडीसाखर

अजून एक! सर्व्हायव्हर (बेटावर राहून एकमेकांना मतांनी बाहेर काढायचा कार्यक्रम), पर्व ४२, २०२२. त्या रात्री ड्रिया आणि मेरीअ‍ॅन या दोघी कृष्णवर्णीय स्पर्धक मतदानाला आल्या आणि समोर ज्युरीत, म्हणजे आधी बाहेर पडलेल्यांत, बसलेले दोघेही कृष्णवर्णीयच दिसले. एकामागून एक आम्हीच बाहेर, आता तिसरी पाळी आमच्यातलीच कोणाची, हे दोघींना त्याच क्षणी जाणवलं. ड्रियाने तिथेच सांगून टाकलं आणि दोघींनी आपापली सुरक्षेची मूर्ती (ती वापरली की त्या रात्री बाहेर काढता येत नाही) वापरली. मग तिथेच, सगळ्यांसमोर, वंशाबद्दल बोलणं झालं. एका गोऱ्या स्पर्धकाला वाटलं आपल्यालाच वंशद्वेषी म्हणताहेत. मेरीअ‍ॅनने शांतपणे समजावलं की ठरवून कोणी केलं नसलं तरी असं घडत जातं. पुढे मेरीअ‍ॅन ओकेच ते पर्व जिंकली. तिच्याआधी सर्व्हायव्हर जिंकलेली कृष्णवर्णीय बाई म्हणजे व्हेसेपिया टॉवरी, २००२ मध्ये. मधे वीस वर्षं! आणि कांडीवाली ताई, मेरीअ‍ॅन अजिबात शांत-गंभीर नाही. खळखळून हसते, धबधब्यासारखी बोलते, सुरुवातीला बाकीच्यांना ती जास्तच वाटायची. तशीच राहून जिंकली.

---

अबोली_अटलांटा

काल मैत्रिणीला हा धागा तोंडी भाषांतर करून ऐकवला. तिने मला धक्काच दिला. ती हाउसवाइव्ज अटलांटा पहिल्या भागापासून बघते! रविवारी रात्री ती आणि तिच्या दोन बहिणी फोन चालू ठेवून तिघी मिळून बघतात, एक बर्मिंगहॅमला, एक शार्लटला. मी विचारलं, "तुला त्रास नाही होत?" म्हणाली, "आम्हाला त्या घरातल्या वाटतात. पोर्शा चुकली की आम्हाला आमची आत्या आठवते."

पोर्शा विल्यम्सची गोष्ट तिनेच सांगितली, म्हणून लिहिते. पोर्शा ही याच कार्यक्रमातली, होझिया विल्यम्स यांची नात. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या मोर्चाच्या अग्रभागी चालणारे ते होझिया विल्यम्स. कार्यक्रमात ती एकदा बोलून गेली की गुलामांना पळून जायला मदत करणारी ‘अंडरग्राउंड रेलरोड’ (खरं तर गुप्त वाटांची आणि घरांची साखळी) ही खरीखुरी रेल्वे होती. सगळा देश तिला हसला. तीच पोर्शा २०२० मध्ये ब्रिओना टेलर या पोलिसांच्या गोळीने मेलेल्या तरुणीसाठी लुईव्हिलला निदर्शनं करताना अटक झाली. मैत्रीण म्हणाली, "रेल्वेवाली क्लिप माझ्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिली होती. अटकेची बातमी एकीनेही काढली नाही."

मग मी विचारलं, आम्ही बाहेरच्यांनी बघूच नये का? ती म्हणाली, "बघ की. फक्त सोमवारी सकाळी माझ्याकडे बघताना त्यांना शोधू नकोस."

तिने कांडीवालीसाठी निरोप दिलाय : तिची आई टॅलाडेगाजवळच्या कापड गिरणीत होती, आवाज असाच. शाळेतला प्रसंगही जवळपास असाच.

---

कांडीवाली_सोलापूर

अबोली ताई, मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. आणि तिच्या आईलाही, असतील तर.

आज आईला तुम्ही लिहिलेली टॉप मॉडेलची क्लिप फोनवर दाखवली. तिला इंग्रजी येत नाही. आता कानही कमी झालेत, म्हणून आवाज पूर्ण मोठा केला. चष्मा लावून नीट बघितली. मग विचारलं, "ह्या वरडणारीला काढलं व्हय?"

म्हटलं, नाही गं, त्या दुसरीला.

आई म्हणाली, "ती तर गप हुबी हाय की." आणि परत लावायला सांगितली.